खडखडणारं झाकण

आमच्या समाजात कुणी घर घेतलं, कुणाचं बारसं असलं, कुणाचं लग्न ठरलं, की आधी प्रबोधन होतं आणि मग जेवण. नागपुरात असंच होतं आणि टेक्सासमधल्या फ्रिस्कोतही असंच होतं. फरक एवढाच की नागपुरात भाषण लांबलं तर मागच्या दाराने सटकता यायचं; इथल्या हॉलच्या मागच्या दाराला अलार्म असतो. त्यामुळे फ्रिस्कोतले आम्ही बौद्ध लोक फार प्रबुद्ध झालो आहोत. पर्यायच नाही.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष काका निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेले. इथे येऊन लोक बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. यांनी मंडळ सांभाळायला घेतलं. घोषणा देणं ही त्यांची खासियत. वक्त्याचं शेवटचं वाक्य संपतं न संपतं तोच ते उभे राहतात, ज्या व्यक्तीवर भाषण झालं तिचं नाव घेऊन ‘यांचा’ म्हणतात, आणि अख्खा हॉल ओरडतो, ‘विजय असो!’ तरुणपणापासून त्यांनी हेच केलंय, आता ते त्यांच्या हातात राहिलेलं नाही. एकदा एका शाळकरी मुलीने मधमाश्यांवर भाषण दिलं होतं. त्या दिवशी मधमाश्यांचाही विजय झाला.

दर वर्षी ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला एका कुटुंबाने एका थोर माणसावर बोलायचं, असा आमचा नियम. त्या वर्षी पाळी आमची होती आणि मी ती शिताफीने चुकवायच्या बेतात होते. मी विमा कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून माझं डोकं इतकं तापलेलं असतं की संध्याकाळी थोर माणसं सहन होत नाहीत. शिवाय मला एक रोग आहे. जिथे हसायचं नसतं तिथे मला हसू येतं. मौन पाळताना येतं, सांत्वनाला गेल्यावर येतं, बॉस रागावला की हमखास येतं. अशा बाईने माइकजवळ जाऊ नये.

पण त्या वर्षी माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती.

आई निवृत्त मुख्याध्यापिका. इंग्रजी वाचते झकास, पण बोललेलं इंग्रजी तिच्या कानांवरून नुसतं वाहून जातं. आणि कळलं नाही असं म्हणणं मुख्याध्यापिकेच्या रक्तात नाही. ती मान डोलवते. गंभीरपणे, डोळे किंचित मिटून, ‘यस, यस’ म्हणत डोलवते. समोरच्याला वाटतं, आपल्याला आयुष्यात इतकं कुणी समजूनच घेतलं नव्हतं.

सकाळी फिरायला जाताना तिची आमच्याच गल्लीतल्या एका जपानी म्हाताऱ्यांशी ओळख झाली. ते ऐंशीच्या पुढचे, एकटे. तरुणपणी इंजिनिअर म्हणून अमेरिकेत आले आणि जन्मभर एसीच्या डक्टची डिझाइन्स केली. आईने त्यांना चिवडा नेऊन दिला, त्यांनी तिला चहा पाजला. ती शिक्षिका होती हे कळल्यावर ते तिला वाकून ‘सेन्सेई’ म्हणू लागले, आणि सेन्सेई म्हणजे गुरू हे मी सांगितल्यापासून आईचं चालणंच बदललं. ती त्यांना दादा म्हणायची. बाकी सगळ्यांसाठी ते जपान काका.

एक दिवस ती त्यांच्याकडून परतली ती उजळलेल्या चेहऱ्याने.

“अगं, त्यांच्या भिंतीवर चक्र आहे! फ्रेम करून लावलंय. मी नमस्कारच केला. पिढीजात बौद्ध माणूस आहे तो. आपण कालचे.”

“चक्रच आहे ना नक्की?”

“मला चक्र शिकवून राहिली का तू? गोल आहे, मधून आऱ्या निघाल्या आहेत. सोळा मोजल्या मी.”

“आऱ्या आठ असतात ना, आई?”

“मग डबल आहेत. जपानी माणूस प्रत्येक गोष्ट डबल मेहनतीने करतो.”

त्यांचे आजोबा मोठे इंजिनिअर होते, सरकारसाठी काहीतरी फार नाजूक यंत्र त्यांनी बनवलं होतं, आणि या चक्राचा त्या यंत्राशी संबंध होता, एवढं तिला उमगलं होतं. एवढ्यावर तिने मला न विचारता अध्यक्ष काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर रंगीत पत्रक झळकलं. ‘जपानचे थोर बौद्ध अभियंता’ या विषयावर माझं भाषण, आणि प्रमुख पाहुणे म्हणून त्यांचे नातू. खाली जपान काकांचा फोटो. मी आईवर इतकी भडकले की जेवताना तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंही नाही, कारण ती आजोबांचं नाव पाठ करत होती. ते नाव मी इथे लिहीत नाही. कुणाचंच नाव लिहायचं नाही, या अटीवर आईने मला हे लिहू दिलंय. पण नाव मोठं अवघड होतं, आणि तिने पोळ्या लाटता लाटता ते पाढ्यासारखं घोकलं.

भाषण करायचंच तर माहिती हवी म्हणून मी जपान काकांकडे गेले. तो भिंतीवरचा कागद पाहिला. कशावर तरी कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा होता, पोरं नाण्याचा काढतात तसा. गोल, पाकळ्या-पाकळ्यांचा. मी विचारलं, मूळ कुठे आहे?

“शनिवारी शो आहे,” ते म्हणाले. “ज्यांच्याकडे मूळ आहे ते गृहस्थ तिथे घेऊन येतात. सेन्सेईंना दाखवायचंच होतं. याल?”

शो म्हणजे प्रदर्शन. प्रदर्शन म्हणजे प्राचीन वस्तूंचं. यात मला शंका यावी असं काय होतं? आईला तर मुळीच आली नाही. शनिवारी सकाळी तिने पांढरी शुभ्र साडी नेसली, त्यावर स्पोर्ट शूज चढवले, पिशवीत मेणबत्ती, माचिस, अगरबत्तीचा पुडा आणि परड्यातली फुलं घेतली. जपान काकाही इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून निघालो. वाटेत आई बुद्धवंदना म्हणत होती आणि ते स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा निरागस प्रवास.

गाडी एका जत्रेच्या मैदानाशी थांबली. पुढे गोदामाएवढा मोठा हॉल. पार्किंगमध्ये सगळे पिकअप ट्रक. मी म्हटलं, बौद्ध कलेला टेक्सासमध्ये इतके चाहते आहेत म्हणजे कमालच आहे. मग दारावरचा फलक वाचला. गन शो.

मी आईचा दंड धरायला गेले. ती पुढे निघून गेली होती.

दारावरच्या माणसाने तिच्या पिशवीत पाहिलं. समोरून येणारे लोक खांद्यावर बंदुका टाकून येत होते, त्यांना तो हसून वाट देत होता. पण आईच्या माचिसकडे त्याने संशयाने पाहिलं आणि ती काढून घेतली. आई म्हणाली, “यस, यस.” आत टेबलांच्या रांगाच रांगा. पिस्तुलं, चाकू, गोळ्यांच्या पेट्या, आणि मध्येच एक बाई घरच्या पीच मुरंब्याच्या बाटल्या विकत होती. आई त्या सगळ्यातून पांढऱ्या साडीत, छातीशी फुलं धरून चालली होती. माणसं बाजूला होऊन रस्ता देत होती. एका दाढीवाल्याने टोपी काढली. तिला वाटलं, काय सुसंस्कृत लोक आहेत.

“आई,” मी दबक्या आवाजात म्हटलं, “इथे बंदुका आहेत.”

“दिसतात मला. पोलिसांचा बंदोबस्त असेल. एवढी मौल्यवान वस्तू आहे म्हटल्यावर.”

शेवटच्या रांगेत एक अगडबंब माणूस बसला होता. जपान काकांना पाहून तो उठला, दोघांनी हात मिळवले, आणि त्याने टेबलाखालून मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी लांब काढलं. मखमल थोडी बाजूला केली. काळसर लोखंड, आणि त्यावर कोरलेलं ते फूल. अगदी स्पष्ट, सोळा पाकळ्यांचं.

जपान काकांनी त्यावर बोट ठेवलं. आईने पायातले बूट काढले. फुलं टेबलावर वाहिली, डोळे मिटले, हात जोडले आणि कपाळ टेबलाला टेकेल इतकी वाकली. मग डोळे उघडून तिने पुन्हा एकदा भक्तिभावाने पाहिलं. तिची नजर फुलावरून हळूहळू पुढे सरकली, लांब नळीच्या टोकापर्यंत गेली. मग मागे आली, दस्त्यापर्यंत. मग घोड्यावर थांबली.

“ही तर बंदूक आहे,” ती म्हणाली.

“यस, यस,” जपान काका आनंदाने म्हणाले.

मला तिथेच हसू फुटलं. दातांवर दात दाबले, काडतुसांच्या खोक्यामागे तोंड लपवलं, काही उपयोग झाला नाही.

बाहेर एका बाकावर बसून त्यांनी आम्हाला लिंबू सरबत पाजलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. पुन्हा म्हणजे, त्यांच्या मते पुन्हा. कारण पहिल्याच दिवशी चहा पिताना त्यांनी सेन्सेईंना काहीही न लपवता सांगितलं होतं: आजोबा लष्करासाठी रायफली बनवणाऱ्या कचेरीत आराखडे काढायचे. सेन्सेईंनी ते शांतपणे ऐकलं, मान डोलवली, आणि काही दिवसांनी कार्यक्रमाचं बोलावणं घेऊन आल्या.

“ते ऐकूनही मला बोलावणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं,” ते म्हणाले. “मुलीला फोन करून सांगितलं. सूट धुवायला दिलाय.”

मी आईकडे पाहिलं. आईने सरबताकडे पाहिलं.

त्यांचे आजोबा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या घरातले. शिकले, तोक्योच्या शस्त्र कारखान्यात लागले. तिथे वरिष्ठांच्या हाताखाली सैन्याच्या नव्या रायफलवर काम चाललं होतं. गोळी बारीक, धक्का कमी, म्हणजे ठेंगण्या शिपायालाही नेम धरता यावा. पण मांचुरियातल्या वाऱ्याने धूळ आत शिरायची आणि गोळी पुढे सारणारा बोल्टच अडकून बसायचा. त्यावर झाकण हवं होतं, बोल्टबरोबर मागेपुढे सरकणारं. ते काम पत्रेवाल्याच्या पोराकडे आलं. आजोबा घरी नमुने करून बघायचे, तेही चहाच्या डब्यांचा पत्रा कापून. आजीचा सगळा चहा सादळून जायचा आणि घरात रोज भांडण व्हायचं.

झाकण उत्तम झालं. धूळ थांबली. फक्त ते वाजायचं. चालताना शिपायाच्या खांद्यावर खडखड, खडखड. शत्रूला लांबून कळायचं कोण येतंय ते. म्हणून लढाईवर गेल्यावर शिपाई पहिली गोष्ट कोणती करत? झाकण काढून फेकून देत.

“सगळे?” मी विचारलं.

“निदान माझ्या आजोबांना तरी तसंच वाटायचं.” त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून वाकवलेल्या पत्र्याचा एक लांबट तुकडा. अशाच एका शोमध्ये भंगाराच्या खोक्यात त्यांना तो सापडला होता. “रायफल मला नकोच होती. हे हवं होतं.”

आजोबा गेले तेव्हा ते अगदी लहान होते. त्यांना एवढंच आठवत होतं की वाऱ्याने घरातलं एखादं दार किंवा खिडकीची काच खडखडली की आजोबा उठून जायचे आणि तिच्यावर बोट दाबून धरायचे. वारा थांबेपर्यंत. का, ते कुणी सांगत नसे. युद्ध हरल्यावर त्या घरात आजोबांचा विषयच बंद झाला. कारखान्याचे कागद जाळले, फोटो उतरवला, आणि नाव तर कुणी चारचौघांत घेतलंच नाही.

“आणि ते फूल?” आईने मला विचारायला लावलं.

“शेवंती. सम्राटाची खूण. रायफल त्याच्या मालकीची, म्हणून प्रत्येकीवर असायची. हरल्यावर बंदुका ताब्यात देण्याआधी ती घासून काढली. म्हणून फूल शाबूत असलेली सहसा मिळत नाही.”

मी हे मराठीत सांगितलं. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“राजाचा शिक्का?” ती म्हणाली. “म्हणजे इतके दिवस मी एका राजाला नमस्कार घालून राहिली? मी? नागपूरच्या शाळेत पाहुणा मंत्री आला तेव्हा खुर्चीवरून उठली नव्हती मी!”

आणि ती हसायला लागली. आई सहसा हसत नाही, हसली की मात्र धरण फुटतं. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी काढत, बाकावर डोलत ती हसली. मी हसले. जपान काकांना काय झालं ते कळलं नाही, पण तेही हसले, आणि पार्किंगमधून बंदुका घेऊन जाणारे दोन धिप्पाड लोक आमच्याकडे बघून वाट बदलून गेले.

हसणं घरी पोचेपर्यंत टिकलं. मग मी अध्यक्ष काकांना फोन लावला.

“रायफल?” ते म्हणाले. “रायफल म्हणजे, रायफल?”

“हो काका.”

“पंचशील घेतल्यावर लगेच रायफल? कॅन्सल करा. आजच्या आज कॅन्सल करा.”

बातमी ग्रुपवर पसरली. एका उत्साही तरुणाने सुचवलं की पत्रकात ‘नॉन-लीथल कंपोनेंट डिझायनर’ असं टाकू या, टेक्निकली करेक्ट आहे, कुणी प्रश्न विचारणार नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर ऑफिसात मी याच असल्या शब्दांशी झुंजते. चूक असली की तिला चूक म्हणायचं नाही, काहीतरी गुळगुळीत म्हणायचं. मी त्याला लिहिलं, बंदुकीच्या झाकणाला बंदुकीचं झाकण म्हणतात. त्याने मला अंगठा पाठवला.

आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि अध्यक्ष काकांशी स्वतः बोलली.

“भाऊ, त्या माणसाने मला पहिल्या दिवशी सगळं खरं सांगितलं. मान मी हलवली. कळलं नव्हतं तरी हलवली. आता त्याला काय सांगायचं? तू खरं बोलला म्हणून येऊ नको?”

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग त्यांचा आवाज आला, एकदम बारीक.

“ताई, माझा बाप ब्रह्मदेशाच्या लढाईत होता. त्याच्या मांडीत जपानी गोळी होती. मरेपर्यंत होती. थंडीत रडायचा तो. मी त्या रायफलवाल्यासाठी टाळ्या वाजवू?”

मी भांडायच्या तयारीने उभी होते, खाली बसले. 

“टाळ्या वाजवू नका,” आई म्हणाली. “पहिल्या रांगेत बसा. त्याच्या शेजारी. आणि ऐका. नाही पटलं तर उठून जा, पण तोंडावर जा. फोनवर नको.”

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. बाहेर गाव शेवंतीने नुसतं फुललं होतं. टेक्सासमध्ये त्या दिवसांत शाळेतल्या पोरी होमकमिंगच्या सोहळ्याला रिबिनी लावलेले शेवंतीचे ताटाएवढे बिल्ले छातीवर लावून मिरवतात. जपान काका ते बघत बघत आले. राखाडी सूट, टाय, चकचकीत बूट. दारावर शस्त्रांना मनाई अशी पाटी होती. तिथल्या स्वयंसेवकाने आईच्या कानाशी लागून विचारलं, “काकू, ते काही सोबत घेऊन तर नाही ना आले?” आई म्हणाली, “रुमाल आणलाय.”

अध्यक्ष काका पहिल्या रांगेत होते. शेजारी नव्हते, मध्ये एक खुर्ची सोडून होते. हाताची घडी घातलेली.

प्रतिमांना हार झाले, मेणबत्त्या लागल्या. आम्ही सगळ्यांनी उभं राहून पंचशील घेतलं. पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं. ते म्हणताना मला पोटातून हसू यायला लागलं आणि मी दंडाला करकचून चिमटा काढला. मग माझं नाव पुकारलं गेलं.

मी आजोबांचं नाव घेतलं. आईने घोकून घेतल्यामुळे बरोबर घेतलं. मग सांगितलं की पत्रकात छापलंय ते अर्धंच खरं आहे. हा माणूस सैन्यासाठी रायफल बनवणाऱ्यांतला होता. हॉलमध्ये खुसपूस झाली. मी पुढे बोलत राहिले. चहाचे डबे सांगितले, सादळलेला चहा सांगितला, तिथे बायका हसल्या. झाकण सांगितलं, फेकून दिलेली झाकणं सांगितली. आणि हेही सांगितलं की रायफल चांगली होती. मजबूत होती, नेमकी होती, ती चीनमध्ये गेली, ब्रह्मदेशात गेली, आणि तिच्यामुळे माणसं मेली आणि काही जन्मभर लंगडली. हे बोलताना मी अध्यक्ष काकांकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही. शेवटी म्हटलं, या माणसाला थोर म्हणा असं मी सांगत नाही. तो होता आणि त्याने हे केलं, एवढंच सांगायला उभी राहिले.

मग माइक जपान काकांकडे गेला. त्यांनी रुमाल उलगडला, पत्र्याचं झाकण माइकजवळ धरलं आणि हलवलं. पोह्यांच्या डब्यात चमचा राहून गेला की वाजतो तसा आवाज स्पीकरमधून अख्ख्या हॉलभर झाला. लहान पोरं खिदळली. मोठ्यांनी त्यांना जवळ ओढलं.

“माझ्या आजोबांना हा आवाज बंद करायचा होता,” ते इंग्रजीत म्हणाले, मी मराठीत सांगत गेले. “मी खोटं बोलणार नाही. आवाज बंद झाला असता तर ते खूश झाले असते आणि आणखी माणसं मेली असती. तो बंद झाला नाही. याचं त्यांना दुःख होतं. मला नाही.” त्यांनी झाकण खाली घेतलं. “आमच्या घरात त्यांचं नाव घेत नसत. आज या बाईंनी घेतलं. त्यांनी काय केलं ते सांगून घेतलं. थँक्यू.”

ते वाकले.  टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे कुणालाच कळेना. आणि तेवढ्यात अध्यक्ष काका उठले.  आईने सांगितल्याप्रमाणे ते तोंडावर उठून चालले होते.

पण ते चालले नव्हते. भाषण संपलं होतं. इतक्या वर्षांची सवय. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, छाती भरली, आणि भरघोस आवाजात त्यांनी त्या जपानी आजोबांचं नाव घेतलं आणि म्हणाले, “यांचा!”

“विजय असो!” हॉल गरजला.

 अध्यक्ष काकांचा हात वरच राहिला होता. ते आपल्याच हाताकडे बघत होते, दुसऱ्याचा असल्यासारखे.

जपान काकांनी मला विचारलं, “काय म्हणाले सगळे?”

“तुमच्या आजोबांचा,” मी म्हटलं, आणि माझा रोग उसळून आला, “विजय असो.”

त्यांनी क्षणभर विचार केला.

“त्याला जरा उशीर झाला,” ते म्हणाले.

मी माइकवरच फुटले. ते हसले, आधी खांदे हलले, मग आवाज. मी कसंबसं मराठीत सांगितलं आणि हॉल कोसळला. आईने खुर्चीचा दांडा धरला. अध्यक्ष काका हात खाली घेता घेता हसले, मग खुर्चीत बसून हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत राहिले, आणि त्यातलं किती हसणं होतं मला सांगता येणार नाही. मधली रिकामी खुर्ची ओलांडून त्यांनी हात पुढे केला. जपान काकांनी झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानाशी नेऊन एकदा हलवलं, ऐकलं, आणि परत दिलं.

“बापाला विचारायला हवं होतं,” ते मला म्हणाले, “असा आवाज आला होता का म्हणून.”

हसू ओसरल्यावर जपान काका माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“विजय नको,” ते म्हणाले. “पण नाव तेवढं पुन्हा घेतील का ते?”

मी अध्यक्ष काकांना सांगितलं. ते उठले. जाकीट खाली ओढून नीट केलं. या वेळी हात वर केला नाही. अवघड नाव होतं, ते त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर सांभाळत घेतलं आणि थांबले. पुढे ‘यांचा’ नव्हतं, त्यामुळे हॉलला काय म्हणायचं ते कळलं नाही. मग आईने तेच नाव मोठ्याने म्हटलं. मग तिच्या मागच्या रांगेने म्हटलं. मग सगळ्यांनी, नागपुरी, पुणेरी, मुंबईच्या, पोरांच्या अमेरिकन उच्चारांत म्हटलं.

जपान काका उभे राहून ऐकत होते. हात थरथरत होता, त्यामुळे हातातलं झाकण वाजत होतं. त्यांनी त्याच्यावर बोट दाबून धरलं.